छोट्या ॲनिमेशन फिल्म आणि सणाचे स्पेशल इतके मनात का बसतात, जरा सविस्तर सांगते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगी दरवर्षी नाताळच्या सुट्टीत तीच ती पंचवीस मिनिटांची जुनी कार्टून स्पेशल, म्हणजे सणासाठी टीव्हीवर दाखवायला केलेली छोटी फिल्म, लावून बसते, दोन तासांचा नवाकोरा सिनेमा समोर असला तरी, आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत असता तो पेपर हळूच मांडीवर येतो आणि तुम्हीही बघायला लागता, तर त्यात असं असतं काय, आणि आपल्या सणांवर तसं का होत नाही. हे दोन ओळीत सांगायला गेलं तर काहीच हाती लागणार नाही म्हणून लांब लिहितेय. बावीस वर्षं मी हेच काम करतेय, आधी मुंबई-पुण्यात स्टुडिओत, आणि आता बरीच वर्षं इथे सोलापुरात पोरांना शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

सुरुवात माझ्या वडिलांपासून करते, कारण मला ॲनिमेशन पहिल्यांदा कळलं ते त्यांच्या टेबलावर. ते चादरीचे डिझायनर होते. जकार्डच्या मागावर चादर विणायची तर आधी ग्राफ पेपरवर डिझाईन काढावं लागतं, एकेक चौकोन रंगवत, आणि मग ग्राफची एक ओळ म्हणजे एक कार्ड, त्यावर भोकं पाडायची, जिथे भोक तिथे धागा वर उचलला जाणार. अशी शेकडो कार्डं दोऱ्याने एकमेकांना जोडून मागाच्या वर टांगायची आणि मग खाली हळूहळू मोर उतरतो. मी शाळेतून आले की बाबांच्या शेजारी बसून चौकोन मोजायचे. ते म्हणायचे, एक कार्ड चुकलं तर चूक एका चादरीत राहत नाही, त्या डिझाईनच्या प्रत्येक चादरीत तीच चूक येते, म्हणून घाई करायची नाही. पुढे पहिल्यांदा लाइटबॉक्ससमोर, म्हणजे खालून उजेड असलेल्या चित्र काढायच्या टेबलासमोर, बसले तेव्हा मला काहीच नवीन वाटलं नाही, इथे एक ओळ म्हणजे एक कार्ड आणि तिथे एक चित्र म्हणजे एक फ्रेम, एवढाच फरक.

आता हिशोब बघा. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम. हाताने काढणारे लोक बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेमला धरतात, आम्ही त्याला टूजवर काम करणं म्हणतो, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. सात मिनिटांची फिल्म म्हणजे ५०४० चित्रं, पंचवीस मिनिटांचा स्पेशल म्हणजे १८ हजार, आणि दीड तासाचा सिनेमा म्हणजे जवळपास ६५ हजार, आणि हे एकाच पात्राचं धरून. ५०४० चित्रं दोन-तीन माणसं जीव लावून वर्षभरात काढू शकतात, ६५ हजारांना शेकडो माणसं लागतात, मग पैसा लागतो, मग तो पैसा वसूल व्हायला हवा म्हणून गाणी, विनोदी साईडकिक, शेवटची मारामारी, सगळं आत येतं. मोठे सिनेमे वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाही, पण छोट्या फिल्ममध्ये एका माणसाचा हात शेवटपर्यंत दिसतो. रेषा कुठे थरथरली, कुठे दाबून ओढली, सगळं कळतं. घरी केलेली शेंगाचटणी आणि पाकिटातली चटणी यात जो फरक लागतो ना जिभेला, तसाच हा डोळ्याला लागतो.

आणि दुसरं म्हणजे छोट्या फिल्मला सगळं सांगायला वेळच नसतो, त्यामुळे काय सोडायचं हे ठरवावं लागतं, आणि माझ्या मते सगळी जादू त्या सोडण्यात आहे. युरी नॉर्स्टीन यांची धुक्यात हरवलेल्या साळू उंदराची दहा मिनिटांची रशियन फिल्म आहे, १९७५ ची. साळू आपल्या अस्वल मित्राकडे चहा प्यायला, सोबत तारे मोजायला निघालाय, वाटेत धुकं लागतं, एवढीच गोष्ट. ते धुकं कसं केलं माहितीय? कागदातून कापलेल्या पात्रांवर, म्हणजे कटआउटवर, अगदी पातळ कागद ठेवायचा आणि फ्रेमगणिक तो थोडा थोडा कॅमेऱ्याकडे उचलत जायचा, म्हणजे खालचं पात्र विरघळत जातं. कॉम्प्युटर नाही काही नाही, काच, कागद आणि धीर. मी वर्गात ही फिल्म दाखवते तेव्हा मुद्दाम आधी काहीच सांगत नाही, आणि दरवर्षी तो पांढरा घोडा धुक्यात दिसतो तिथे मोबाईल बघणारी पोरंही मान वर करतात.

तसंच मायकेल डुडोक द विट यांची २००० सालची आठ मिनिटांची फिल्म, बाप होडीत बसून निघून जातो आणि मुलगी त्या जागी सायकलवरून पुन्हा पुन्हा येत राहते, लहानपणी, तरुणपणी, मुलंबाळं झाल्यावर, म्हातारपणी. संवाद नाही. बाप का गेला हे सांगत नाहीत. जवळून चेहरे पण फारसे दिसत नाहीत, दिसतात सायकलची चाकं, वारा, लांब सावल्या. ऑस्कर मिळालं तिला, पण ते सोडा, आठ मिनिटांत एक अख्खं आयुष्य मावतं हे मला त्या फिल्मनं दाखवलं. हीच गोष्ट दोन तासांची केली असती तर बाप कुठे गेला हे सांगावंच लागलं असतं आणि मग काय उरलं असतं.

आपल्याकडचं उदाहरण तर तुमच्या पिढीला तोंडपाठ असेल, दूरदर्शनवरची एक अनेक और एकता. १९७४ ची, फिल्म्स डिव्हिजनची, विजया मुळे यांनी केलेली, ॲनिमेशनमध्ये भीमसेन, आणि संगीत आपले वसंत देसाई. सात मिनिटं. कबुतरं जाळ्यासकट उडतात ती जुनीच गोष्ट, पण मोठी बहीण लहान भावंडांना सांगतेय अशा सुरात सांगितलेली. चित्रं अगदी साधी आहेत, सपाट रंग, हालचाल कमी, बऱ्याच ठिकाणी फक्त डोळे आणि तोंड हलतं. तरी आज चाळिशी-पन्नाशीतला कुठलाही माणूस पहिल्या दोन सुरांवर पुढचं गायला लागतो. हे महाग ॲनिमेशननं झालेलं नाही, आवाजातल्या मायेनं झालंय. विजयाबाईंचं नाव मात्र फार कमी लोकांना माहीत असतं याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून मी दर बॅचला पहिल्या दिवशी फळ्यावर ते नाव लिहिते.

बरं, आता सणाचे स्पेशल. हा प्रकार खरा रुजला अमेरिकेत साठच्या दशकात, टीव्हीसाठी. १९६४ ला लाल नाकाच्या रेनडियरचा, १९६५ ला चार्ली ब्राउनचा नाताळ, १९६६ ला ग्रिंच, ओळीने तीन वर्षांत तीन, आणि तिन्ही आजही चालतात. रेनडियरवाला स्टॉप मोशन आहे, म्हणजे बाहुल्या फ्रेमफ्रेमला किंचित हलवून फोटो काढायचे, आणि ते बाहुल्यांचं काम झालं जपानमध्ये, तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत. मला हे फार आवडतं, की अमेरिकेतली पोरं ज्याला आपला नाताळ म्हणतात त्यातला बर्फ जपानी हातांनी पसरलाय. त्याचाच एक किस्सा आहे. त्यात कुणाला नको असलेल्या, काहीतरी खोट असलेल्या खेळण्यांचं एक बेट आहे आणि नायक त्यांना सोडवायचं कबूल करतो, पण पहिल्या वर्षीच्या फिल्ममध्ये ती सोडवलेली दाखवलीच नव्हती. लोकांनी पत्रं लिहून तक्रार केली, आणि पुढच्या वर्षी नवीन सीन घालून ती खेळणी सोडवली. बाहुल्यांना दिलेला शब्द पाळला गेला नाही म्हणून लोक पत्र लिहितात, यापेक्षा मोठी पावती आमच्या धंद्यात नाही.

चार्ली ब्राउनबद्दल तर मी तासभर बोलू शकते. सुमारे सहा महिन्यांत केलेलं काम, आवाज खऱ्या लहान मुलांचे, त्यातल्या एका मुलीला तर वाचताही येत नव्हतं म्हणून तिला एकेक तुकडा सांगून वदवून घेतलं, आणि ते तुटक बोलणंच इतकं खरं वाटतं की कुठला मोठा कलाकार ते करू शकला नसता. त्या काळी कार्टूनमागे रेकॉर्ड केलेला हशा लावायची पद्धत होती, मूळ चित्रकथा काढणाऱ्या चार्ल्स शुल्झ यांनी तो लावू दिला नाही. संगीत म्हणजे व्हिन्स ग्वाराल्डी यांचा जॅझ पियानो, मुलांच्या कार्यक्रमाला जॅझ. चॅनलच्या साहेबांना फिल्म संथ वाटली, आवडलीच नाही, पण तारीख जाहीर झालेली म्हणून दाखवली, ९ डिसेंबर १९६५ ला, आणि त्या रात्री टीव्ही बघणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक तीच बघत होते.

आता हे सगळं सांगण्यामागचा माझा मुद्दा, आणि इतक्या वर्षांत मला जे कळलं ते हेच एक. या चांगल्या स्पेशलमध्ये सणाची माहिती नसते. सगळीकडे सण चालू असताना जो कुणी एकटा पडलाय त्याची गोष्ट असते. चार्ली ब्राउन सुरुवातीलाच म्हणतो की नाताळ आलाय आणि मला आनंद वाटत नाहीये. रेनडियरला नाकावरून चिडवून खेळात घेत नाहीत. ग्रिंच डोंगरावर एकटा राहतो आणि खालच्या गावातला आवाज त्याला सहन होत नाही. आणि १९८२ चा इंग्लंडचा तो हिममानव, २६ डिसेंबरला पहिल्यांदा दाखवलेला, शब्दच नाहीत, फक्त एक गाणं, त्यात तर मुलगा रात्रभर हिममानवाबरोबर उडतो आणि सकाळी अंगणात बर्फ वितळलेला, टोपी पडलेली, आणि खिशात हात घातला तर रात्री मिळालेला मफलर तिथेच. संपली फिल्म. मुलांना रडवून संपवली, नाताळात, आणि तरी तिथली घरं दरवर्षी ती लावतात. रेमंड ब्रिग्ज यांच्या मूळ पुस्तकात नाताळबाबा नव्हताच, तो फिल्ममध्ये आणला, पण शेवट बदलला नाही, आणि तिथेच ती फिल्म वाचली असं मला वाटतं.

हे असं का चालतं? कारण सणाच्या दिवशी प्रत्येकाच्या आत एक कोपरा थोडा उदास असतोच हो. कुणाची आजी या वर्षी नाहीये, कुणाचा मुलगा पुण्याहून आला नाही, कुणाच्या घरी मोठ्यांचं बोलणं बंद आहे. मुलांना हे सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही. आणि अशा वेळी टीव्हीवर एक पाच इंचाचं पात्र तेच म्हणतं तेव्हा तुमची मुलगी तिथेच बसून राहते. आणि तुमच्या हातचा पेपर खाली येतो तो पण त्याचमुळे, माझा अंदाज आहे, राग मानू नका.

दरवर्षी तेच बघूनही कंटाळा का येत नाही, तर फिल्म तीच राहते, बघणारा बदलतो. त्या हिममानवाचंच घ्या, सहाव्या वर्षी तिला उडणं आवडतं, नवव्या वर्षी गाणं, बाराव्या वर्षी कळतं की अरे, तो मफलर म्हणजे ते स्वप्न नव्हतं. आपण गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीतल्या यात्रेला, दरवर्षी जातोच की. तेच होम मैदान, तोच आकाशपाळणा, तीच पिपाणी, नवीन काय असतं? पण न जाता राहवत नाही. ज्या वर्षी पाळण्यात बसायची भीती गेली ते वर्ष लक्षात राहतं, ज्या वर्षी वडील म्हणाले तू जा मी खाली थांबतो ते वर्षही लक्षात राहतं. अमेरिकेतल्या त्या स्पेशलचा पण पूर्वी हाच थाट होता, वर्षातून एकदाच लागायचं, चुकलं तर पुढच्या वर्षी. आता केव्हाही लावता येतं, तरी माझा आग्रह आहे की घरात एक नियम ठेवा, एक फिल्म फक्त त्याच सणाला. जूनमध्ये मागितली तरी लावू नका. वाट बघण्यात अर्धी गोडी आहे.

आता आपल्याकडे का होत नाही. परंपरा नाही असं कृपया म्हणू नका. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं शूट करून दाखवलं ते १९१२ मध्ये, आणि १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या, आगकाड्यांची मौज. प्रभातने तीसच्या दशकात जंबूकाका नावाचं कार्टून काढलं. २००६ ला गीतांजली राव यांची हाताने रंगवलेली पंधरा मिनिटांची प्रिंटेड रेनबो कान चित्रपट महोत्सवात क्रिटिक्स वीक विभागात गाजली, एक म्हातारी, तिची मांजर आणि तिच्या काडेपेट्यांवरची चित्रं, एवढीच. फाळक्यांच्या काड्या आणि गीतांजलीबाईंच्या काडेपेट्या, मध्ये नव्वद वर्षं, मला हा योग फार सुंदर वाटतो. म्हणजे हात आहेत, डोळा आहे. पण सणाची फिल्म म्हटलं की आपण लगेच पुराण सांगायला बसतो. देव कसा जन्मला, राक्षस कसा मेला, शेवटी आरती. आणि हे मी बाहेरून नाही बोलत. मुंबईत असताना एका कंपनीसाठी आम्ही दिवाळीची अकरा मिनिटांची फिल्म केली. माझा स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रांत मांडलेली गोष्ट, होता एका मुलाचा, ज्याच्या किल्ल्यावर या वर्षी शिवाजी महाराजांचं चित्र ठेवायला मोठा भाऊ नाहीये कारण तो नोकरीला गेलाय. मीटिंगमध्ये ठरलं की यात दिवाळीचं महत्त्व येत नाही. मग वसुबारस ते भाऊबीज सगळे दिवस आले, प्रत्येकाची कथा आली, मागून निवेदन आलं, आणि भाऊ गेला तो गेलाच. फिल्म एकदा लागली, नंतर कुणी विचारली पण नाही. मला अजूनही त्या किल्ल्याची हुरहूर लागते. बाबांचं वाक्य आठवलं, की एक कार्ड चुकलं की सगळ्या चादरी चुकतात, तसं इथे पहिल्याच कागदावर चुकलं होतं, पुढे चित्रं कितीही चांगली काढली तरी काय उपयोग.

म्हणून इथे आल्यावर मी पोरांना एकच सांगायचं ठरवलं, माहिती नको, आठवण आणा. तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने गड्डा यात्रेवर फिल्म करायचं घेतलं. पहिला स्टोरीबोर्ड आणला त्यात सगळं होतं, सिद्धरामेश्वर, तलाव, अडुसष्ट लिंगं, सातही नंदीध्वज म्हणजे यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या, अक्षता, होम, शोभेचं दारूकाम, चार मिनिटांत. मी म्हटलं हे छान आहे पण हे तर सगळ्यांना माहितीय, तुला स्वतःला काय आठवतं? ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, मॅडम, मी सहा वर्षांची असताना सम्मती कट्ट्याजवळ हरवले होते. सगळ्यांनी पांढरी बाराबंदी घातलेली. मी बाबांचा हात समजून दुसऱ्याच माणसाचा हात धरून चालत होते.

मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, ही फिल्म.

कारण बघा, यात सगळं आपोआप येतं. पांढऱ्या कपड्यांचा समुद्र, त्यात एक मुलगी, आणि सगळेच बाबांसारखे दिसतायत. आणि कामाच्या दृष्टीने पण सोन्यासारखी गोष्ट, कारण ॲनिमेशनमध्ये गर्दी म्हणजे सगळ्यात मोठं संकट, हजार माणसं हलवायची कशी? पण कॅमेरा सहा वर्षांच्या पोरीच्या उंचीवर ठेवला की चेहरे दिसतच नाहीत, दिसतात हात, धोतरं, बाराबंदीच्या गाठी, आणि वर खूप लांब नंदीध्वजाचं टोक डुलताना. आम्ही कमरेखालचे आठ कटआउट केले आणि तेच उलटेसुलटे करून गर्दी उभी केली. रंग जवळपास नाहीतच, पांढरा, करडा आणि कुठे कुठे पिवळा. आवाजावर मात्र तिने महिनाभर काढला, जानेवारीत स्वतः जाऊन हलगी, सनई, हर्र बोला हर्रचा गजर रेकॉर्ड केला, आणि मुलीला कळतं की हा हात बाबांचा नाही त्या क्षणी तो सगळा आवाज पाण्याखाली गेल्यासारखा दबतो. तिथे आम्ही एक होल्ड ठेवला, होल्ड म्हणजे चित्र हलायचं थांबतं, ३६ फ्रेमचा, दीड सेकंद. नवीन पोरांना होल्डची भीती वाटते, त्यांना वाटतं काही हललं नाही तर लोक उठून जातील. पण खरं तर बघणारा तिथेच आत शिरतो. ती २४ म्हणत होती, मी ४८ म्हणत होते, शेवटी ३६ वर आलो आणि आता वाटतं तेच बरोबर होतं.

आणि बाबा सापडतात कसे? तिच्या आईने त्यांच्या बाराबंदीचा एक बंद तुटला होता म्हणून घाईत लाल दोऱ्याने शिवला होता. इतक्या पांढऱ्यात तो एवढासा लाल ठिपका. पुढे मिठी वगैरे काही नाही, फक्त छोटी बोटं तो बंद धरतात आणि आवाज परत येतो. पावणेपाच मिनिटं झाली एकूण. नंदीध्वज म्हणजे काय, सिद्धरामेश्वरांशी कुंभारकन्येचा विवाह काय, एक शब्द नाही सांगितला, पण बघून झाल्यावर पुण्याहून आलेला माझा भाचा स्वतःहून विचारत होता की मावशी ती उंच काठी कसली होती. मग माझ्या आईने त्याला सगळी कथा सांगितली, तासभर.

तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर खरंच अवघड नाही. मोबाईल एका जागी घट्ट बांधा, स्टॉप मोशनचं कुठलंही फुकटचं ॲप घ्या, दिवसाउजेडी करू नका कारण ऊन सरकत राहतं आणि फिल्ममध्ये उजेड लुकलुकतो, एक बल्ब लावा आणि खिडकी बंद करा. सेकंदाला १२ फोटो. तीळगुळाचे दाणे, काड्या, चादरीचे तुकडे, काहीही चालतं. पहिल्यांदा वीस सेकंदांच्या वर जाऊ नका. आणि मुलीला विषय देऊ नका, फक्त विचारा की मागच्या संक्रांतीचं तुला काय आठवतं, आणि ती जे सांगेल ते कितीही बारीक वाटलं तरी तेच घ्या. ती म्हणाली की भोगीच्या दिवशी भाकरीला तीळ कमी लावले म्हणून आजी चिडली होती, तर तेच.

ती गड्ड्याची फिल्म आम्ही पहिल्या वर्षी आमच्या गल्लीतच दाखवली, भोगीच्या रात्री, भिंतीवर पांढरी चादर लावून. पुढच्या वर्षी आम्ही काही ठरवलं नव्हतं, पण संक्रांतीच्या आठवडाभर आधीपासून पोरं दारात येऊन विचारायला लागली की मॅडम चादर कधी लावताय. या जानेवारीत तिसऱ्यांदा लावली. शेजारचा पाच वर्षांचा पोरगा माझ्या मांडीवर बसून बघत होता, गेल्या वर्षी तो त्या दीड सेकंदाला रडला होता. या वेळी आवाज दबला तसा त्याने माझा हात घट्ट धरला आणि कानात सांगितलं, थांबा, आता लाल दोरा येतोय.